दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ!

दोन मांजरांचे लोणी माकडाने खाल्ले, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी कोणास ठाऊक नाही? आम्ही पेशाने खेड्यातले मास्तर. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यापासून वीस वर्षे ही गोष्ट आम्ही पोरांना सांगत आलो आणि शेवटी फळ्यावर तात्पर्य लिहीत आलो, की दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, सबब भांडू नये. परंतु अलीकडे हे तात्पर्य लिहिताना आमचा खडू अडखळतो. गोष्टीतले लोणी मांजरांचे होते, म्हणून माकडाने खाल्ले तो अन्याय झाला. परंतु राज्यकारभारातले लोणी कोणाचे? ते पुढाऱ्यांनी घुसळलेले नाही. ते शेतसाऱ्याचे, घरपट्टीचे, मोटारीच्या तेलासारख्या कित्येक जिनसांवर आपण भरलेल्या कराचे लोणी आहे. म्हणजे या गोष्टीतला तिसरा तो लबाड माकड नव्हे. तिसरे आपणच, आणि लोणीही आपलेच. दोन पुढारी चव्हाट्यावर भांडू लागले तर लोणी किती होते, कोणी किती चाटले, हे आपल्या डोळ्यांदेखत तोलले जाते. त्या दोघांनी दार लावून आत समेट केला, तर मात्र लोण्याचे मडके केव्हा रिकामे झाले याचा पत्ताही लागत नाही.

आज खेडोपाडी एका नव्या पुण्यकर्माची टूम निघाली आहे. तिचे नाव बिनविरोध निवडणूक! गावात वाद नको, पार्ट्या नकोत, खर्च नको. चार शहाण्यांनी बसून नावे ठरवावी, बाकीच्यांनी अर्ज मागे घ्यावे, गुलाल उधळावा आणि एकीचा जयजयकार करावा. गुजरात सरकारने २००१ सालापासून अशा गावांस 'समरस' म्हणून बक्षिसाची रक्कम देण्याची योजना काढली. आमच्या महाराष्ट्रातही बिनविरोध गावास अमुक लाखांचा निधी देऊ, अशा घोषणा आमदार मंडळी मोठ्या हौसेने करितात. गरीब गावास रस्ता पाहिजे, शाळेला पत्रे पाहिजेत. तेव्हा त्यास सांगावयाचे, की तुम्ही मत देण्याचा हक्क गुंडाळून ठेवा, मग तुमच्याच पैशातून तुम्हांस रस्ता देऊ. याला आम्ही बक्षीस म्हणत नाही. तोंड बंद ठेवल्याची ही मजुरी आहे.

आणि ही एकी कशी घडते तेही पाहा. २०२१ सालच्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन गावची निवडणूक प्रक्रिया राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली. का, तर तेथे पंचायतीच्या जागांचा लिलाव झाला होता. बोली लागली ती देवळाच्या नावाने. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेल्याचे आणि खोंडामळीची बेचाळीस लाखांची असल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा निदान कांदा कोणाचा हे पावतीवर लिहिलेले असते. येथे ज्यांचे मत विकले गेले त्यांचे नाव कोठेच नव्हते. ही दोन गावे उघडकीस आली म्हणून आपण त्यांस नावे ठेवितो; परंतु बोली न लावता, रात्रीच्या बैठकीत, अडीच वर्षे तुझी आणि अडीच वर्षे माझी असे वाटे घालणारी गावे किती असतील, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

निवडणूक आली म्हणजे आम्हां मास्तर लोकांच्या गळ्यात मतदान केंद्राचे काम पडते. असेच एकदा आमच्या शेजारच्या एका गावी आमची नेमणूक व्हायची होती. ती रद्द झाली, कारण गाव बिनविरोध झाले. गावाचे नाव आम्ही सांगत नाही; वाचकांनी आपल्या गावाचे नाव घालून वाचले तरी चालेल. गुलाल उडाला, जेवणावळ झाली, वेशीवर 'एकीचे बळ' असा फलक लागला. पुढे वर्षभराने त्या गावच्या कुंभारवाड्यातील एक म्हातारी आमच्याकडे अर्ज लिहवून घ्यावयास आली. नळाची लाईन वरच्या आळीपर्यंत आली होती आणि तेथेच थांबली होती. आम्ही म्हटले, "मावशी, गावात तर एकी आहे. पंचायतीत जाऊन सांगत का नाही?" ती म्हणाली, "गुरुजी, मागल्या खेपेला दोन पार्ट्या हुत्या, तवा दोन्हीकडची माणसं दारात आली. एक म्हनला नळ देतो, दुसरा म्हनला ह्यानं पाच वर्सांत का दिला न्हाई ते इचारा. आता समदी एक झाल्यात. इचारायला बी कोन न्हाई, आन कुनाला इचारायचं ते बी ठावं न्हाई."

वाचकहो, राज्यशास्त्राची जाडजूड पुस्तके एकीकडे ठेवा आणि या निरक्षर बाईचे बोलणे दुसरीकडे ठेवा. विरोधी पक्ष कशासाठी असतो हे तिला जितके कळले आहे, तितके आमच्या कित्येक पदवीधरांस कळलेले नाही. दोन पार्ट्या होत्या तेव्हा तिच्या एका मताला दोन गिऱ्हाइके होती. एकी झाली आणि तिची किंमत शून्यावर आली.

आता कोणी म्हणेल, की थोडाफार मतभेद असावा, परंतु अगदी टोकाची माणसे समोरासमोर आणू नयेत; त्याने समाज फाटतो. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. सुताराने फळी सरळ कापावयाची असली म्हणजे तो काय करितो? गेरूत बुडविलेली दोरी घेतो. एक टोक एकाच्या हाती, दुसरे टोक दुसऱ्याच्या हाती. दोघे ताणून धरितात, आणि मग मध्ये चिमटीने उचलून सोडली की फळीवर सरळ रेघ उमटते. दोन्ही टोके सैल सोडून दोरी मधोमध धरली तर रेघ उमटत नाही, नुसते डाग पडतात. जी माणसे सदैव मध्यावर उभी राहून 'याचेही खरे, त्याचेही खरे' म्हणतात त्यांच्या हातून असे डागच पडतात.

ही कल्पना आम्ही हवेतून काढलेली नाही. ज्या घटनेखाली आज तुम्ही आम्ही मत देतो तिच्यात ही रेघ कशी उमटली ते सांगतो. आणि गोष्टही खेड्याचीच आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्या वेळी पुष्कळांची तक्रार होती, की या मसुद्यात भारताच्या प्राचीन खेड्याला जागाच नाही. गांधीजींच्या विचारांची मंडळी म्हणत होती, की राज्याची इमारत ग्रामपंचायतीच्या पायावर उभी करा. बाबासाहेबांनी त्या दिवशी जे उत्तर दिले त्याने सभागृह हादरले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाचे व जातीयतेचे घर आहे, अशा अर्थाचे ते बोलले. आणि मसुद्याने खेडे सोडून एकेका माणसाला राज्याचा घटक मानले याचा आपल्याला आनंद आहे, असेही त्यांनी सांगितले. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळाले नाही त्याने गावाविषयी दुसरे काय बोलावे? १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे बिल आले तेव्हाही, सर्वांस मताधिकार आणि अस्पृश्य वर्गास राखीव जागा असल्याखेरीज पंचायत म्हणजे गरिबांच्या मानेवर नवे जू, अशीच त्यांची भूमिका होती.

दुसरी बाजू गप्प बसली काय? मुळीच नाही. ह. वि. कामत उठले, शेतकऱ्यांचे पुढारी प्राध्यापक रंगा उठले, आणखी कित्येक उठले. ज्या खेड्यांनी स्वातंत्र्याच्या चळवळीला माणसे पुरविली त्यांना नालायक ठरविणारे तुम्ही कोण, असा त्यांचा रोख होता. उलट पक्षी संयुक्त प्रांतातील बेगम ऐजाज रसूल यांनी बाबासाहेबांची बाजू घेतली, की ग्रामपंचायती फार जुलमी होऊ शकतात. एक म्हणे खेडे हा देशाचा प्राण; दुसरा म्हणे खेडे हा गरिबाचा फास. याहून टोकाची टोके कोठे सापडतील?

आणि निष्पन्न काय झाले? २२ नोव्हेंबर १९४८ रोजी के. संतानम यांनी उपसूचना आणली, की राज्यांनी ग्रामपंचायती स्थापन कराव्या आणि त्यांस स्वराज्याचा घटक म्हणून काम करता येईल इतके अधिकार द्यावे. बाबासाहेब हट्टाला पेटले नाहीत. त्यांनी ती उपसूचना स्वीकारली. तेच आजच्या घटनेचे चाळिसावे कलम. परंतु ध्यानात ठेवा, राज्याचा घटक माणूसच राहिला. मत प्रत्येकाला, खेड्याला नव्हे. पुढे १९९२ साली संसदेने त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती केली, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने पंचायत बंधनकारक केली, ग्रामसभेला घटनेत जागा दिली. आणि त्याच दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींस लोकसंख्येप्रमाणे राखीव जागा आणि स्त्रियांस निदान एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला.

आता सांगा, जिंकले कोण? पंचायत आली, म्हणजे गांधीवाल्यांचे खरे झाले. राखीव जागा आल्या, म्हणजे बाबासाहेबांची १९३२ सालची मागणी पुरी झाली. एका टोकाने खेड्याची शक्ती दाखविली, दुसऱ्या टोकाने खेड्यातले विष दाखविले. कायद्याने दोन्ही ध्यानात घेतली. त्या नोव्हेंबरात जर कोणी समंजस गृहस्थाने 'डॉक्टरसाहेब, लोकांची मने दुखावतात, हे बोलू नका' म्हणून बाबासाहेबांस खाली बसविले असते, तर पंचायत आली असती, परंतु ती पाटलाच्या वाड्यातली पंचायत असती. आणि दुसऱ्या बाजूला कोणी 'घटना पंडितांचे काम आहे, खेडवळांनी मध्ये बोलू नये' म्हणून गप्प केले असते, तर आज ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला नसता. आज आमच्या कोणा मातंग, चांभार, धनगर, कुंभार भगिनीच्या हाती सरपंचाचा शिक्का दिसतो, तो या भांडणाचा प्रसाद आहे.

घटना समितीचा सगळा व्यवहारच असा होता. मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. काम जवळजवळ तीन वर्षे चालले. लोक म्हणाले, वेळ फुकट चालला, पैसा उधळला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात काय केले? ज्यांनी त्यांस पावलोपावली अडविले त्या बंडखोरांची नावे घेऊन त्यांनी आभार मानले. कामत, सिधवा, सक्सेना, भार्गव, के. टी. शहा, कुंझरू, आणि त्यांतच आमच्या वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख. यांच्या बहुतेक सूचना आपण स्वीकारल्या नाहीत, परंतु त्यांच्यामुळे घटनेतली तत्त्वे उघड करून सांगण्याची संधी मिळाली आणि सर्वांनी पक्षाच्या शिस्तीत मान हलविली असती तर सभा रुक्ष झाली असती, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. देशाची घटना लिहिणारा माणूस विरोधकांचे आभार मानतो, आणि आमचा सात सदस्यांचा सरपंच ग्रामसभेत एका बाईने प्रश्न विचारला तर लाल होतो!

आता दुसरी एक गोष्ट, आमच्यासारख्या वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांनी तर ती गाठीस बांधून ठेवावी. घटना अमलात येऊन चार महिने झाले नाहीत तोच सरकारने दोन वर्तमानपत्रांवर हात टाकला. मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' या कट्टर डाव्या साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली. दिल्लीच्या 'ऑर्गनायझर' या संघाच्या विचारांच्या साप्ताहिकास तेथील अधिकाऱ्यांनी हुकूम दिला, की छापण्यापूर्वी मजकूर आम्हांस दाखवा. या दोन पत्रांचे एकमेकांशी विळ्याभोपळ्याचे सख्य. परंतु दोन्ही सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २६ मे १९५० या एकाच दिवशी दोन्ही जिंकली. लालवाल्यांचा निकाल भगव्यांच्या कामी आला आणि भगव्यांचा निकाल लालवाल्यांच्या. आणि दोघांचा मिळून कोणाच्या कामी आला? जो ना लाल ना भगवा, त्या साध्या वाचकाच्या. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो हा!

सरकारने त्यावर १९५१ साली पहिली घटनादुरुस्ती आणून भाषणस्वातंत्र्यावर नवी बंधने घातली. पंडित नेहरू आणि श्यामाप्रसाद मुखर्जी यांची हंगामी संसदेत त्या वेळी जी खडाजंगी झाली ती प्रसिद्ध आहे. मुखर्जी उजव्या बाजूचे. त्यांच्या जोडीला कुंझरूंसारखे नेमस्तही विरोधात उभे राहिले. दुरुस्ती त्यांस रोखता आली नाही. परंतु या झगड्यातून बंधनांच्या मागे एक शब्द येऊन बसला, 'वाजवी'. बंधन घालाल, पण ते वाजवी असले पाहिजे, आणि वाजवी आहे की नाही हे न्यायालय पाहील. एवढासा शब्द! परंतु पंचाहत्तर वर्षे झाली, सरकारच्या मनमानीपुढे लिहिणारा-बोलणारा माणूस ज्या काठीचा आधार घेऊन उभा राहतो, ती ही काठी आहे. हरलेल्या वादातूनही गरिबाच्या हाती काही पडते ते असे.

उलट वाद बंद पडला म्हणजे काय होते, तेही आपण भोगलेले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. विरोधी पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. येरवड्याच्या तुरुंगात संघाचे लोक आणि समाजवादी एकत्र कोंडले गेले. बाहेर जे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते ते आत शेजारी जेवू लागले. बाहेर कमालीची शांतता! आगगाड्या वेळेवर धावतात म्हणून शहरातले लोक खूश. परंतु खेड्यात काय चालले होते? १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. कोणाच्या? बंगलेवाल्यांच्या नव्हे. मास्तरांस माणसे आणण्याचा कोटा दिला होता, हे आम्हांस आमच्या खात्यातील वडीलधाऱ्यांनी सांगितले आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. एरवी ज्यावर रान पेटले असते ते सगळे मुकाट्याने पार पडले, कारण विचारणारे तुरुंगात होते. राज्यात जेव्हा अगदी शांत असते तेव्हा समजावे, की कोणाच्या तरी उरावर कोणी तरी बसले आहे.

यावर आमचे सज्जन मित्र म्हणतील, "मास्तर, हे सगळे ठीक, परंतु टोकाच्या माणसांना बोलू दिले की दंगे होतात." आम्ही विचारतो, दंगा बोलण्याने होतो की बोलणे संपल्याने? डॉ. नरेंद्र दाभोलकरांस २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या, त्यांत चार दिवसांनी ते गेले. या दोघांनी कोणावर हात उचलला होता? दोघेही भर सभेत 'या, वाद घाला' म्हणून आमंत्रण देणारे. ज्याला तोंडाने उत्तर देता येते तो पिस्तूल शोधीत नाही.

मात्र वादाला नियम पाहिजेत, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करितो. तालमीत लंगोट कसून उतरावे लागते, डोळ्यांत माती टाकता येत नाही. दूरदर्शन संचावर रात्री आठ वाजता सहा जण एकाच वेळी ओरडतात, तो वाद नव्हे. तेथे कोणी कोणाचे ऐकत नाही, मग उत्तर कसले देणार? हातातल्या फोनवर खोट्या नावाने आईमाईवरून लिहितात, तोही वाद नव्हे. वाद कसा असावा हे पाहावयाचे असल्यास १९३६ सालाकडे पाहा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांस अध्यक्ष म्हणून बोलाविले. भाषण आधी वाचून पाहिले, ते झेपले नाही, बदल करा म्हणाले. बाबासाहेबांनी एक शब्द बदलला नाही, तेव्हा परिषदच मोडली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन' पत्रात त्यावर टीका लिहिली. आणि बाबासाहेबांनी पुढल्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली तेव्हा त्यात गांधीजींची टीका छापली आणि तिच्याखाली आपले उत्तर छापले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, आपल्याच पुस्तकात! वाचकाने दोन्ही वाचावे आणि ठरवावे. ज्याला आपल्या बाजूची खात्री आहे तोच असे करू शकतो.

आणि याहून जुना धडा आमच्या जोतीरावांनी घालून दिलेला आहे. 'निबंधमाले'तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांची यथेच्छ टिंगल केली होती. त्याच गोटातले टिळक-आगरकर १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात अब्रुनुकसानीच्या खटल्यात सापडले. जामिनाला दहा हजार रुपये पाहिजेत! ते कोणी उभे केले? जोतीरावांच्या शब्दावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी. जोतीरावांनी त्या मंडळींचे मत घेतले काय? छे! पुढेही दोन्ही बाजूंचे जमले नाही ते नाहीच. परंतु लिहिणाऱ्याला तुरुंगात टाकून वाद जिंकण्यात जोतीरावांना रस नव्हता. ज्याच्याशी उद्या भांडावयाचे त्याला आज मोकळा ठेवावा, एवढे त्यांस कळत होते.

शेवटी पुन्हा आपल्या गावाकडे येऊ. आमच्या तालुक्यातील एका गावी गायरानात सौर विजेचा प्रकल्प यावयाचा होता. दोन तरुण पुढे आले. एक लाल झेंड्याचा; तो म्हणे, इंचभर गायरान देणार नाही. दुसरा सत्तेकडचा, तो म्हणे, सगळे देऊन टाका, दिवसा वीज मिळेल, रात्री साप-विंचवातून पाणी धरावयास जाणे टळेल. वडीलधाऱ्यांनी दोघांस समजाविले, की घरात बसून मिटवा. परंतु दोघेही हट्टी, गावाचे भाग्य! ग्रामसभा भरली ती चार तास चालली. एकाने मागितला म्हणून नकाशा आणावा लागला. नकाशा भिंतीवर लागला तेव्हा मागून एक धनगर उठला आणि म्हणाला, ही रेघ आमच्या मेंढरांच्या वाटेवरून गेली आहे. कुंभारांनी दाखविले, की त्यांच्या मातीची खाण आत गेली. हे लाल झेंडेवाल्याला ठाऊक नव्हते आणि सत्तावाल्यालाही नव्हते. उलट दिवसा वीज पाहिजे म्हणून हात वर करणाऱ्या बायका लाल झेंडेवाल्याच्याच आळीतल्या निघाल्या. शेवटी ठराव झाला तो वाट आणि खाण वगळून. ते दोघे अजूनही एकमेकांशी बोलत नाहीत. न बोलेनात! मेंढरांना वाट राहिली आणि कुंभाराला माती राहिली.

म्हणून आमचे शेतकरी, कारागीर, मजूर बंधूंस व भगिनींस हात जोडून सांगणे आहे. गाव बिनविरोध करा असे सांगत कोणी आला, तर त्याला विचारा, की ठरविणारे चार जण कोण आणि त्यांत आमच्या आळीचा कोण? बक्षिसाचे लाख दाखविले, तर विचारा, की हा पैसा कोणाच्या बापाचा? कायद्याने वर्षातून निदान चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत, त्यांस जा. शंभर माणसे किंवा शेकडा पंधरा मतदार, यांत जो आकडा कमी तेवढे लोक जमले की सभा भरते. न जमल्यास तहकूब करून पुढे मूठभर लोकांत उरकतात, आणि तुमचा अंगठा न लागताच तुमच्या नावाने ठराव होतो. उमेदवार दोन असोत की चार, त्यांस एका पारावर, एका वेळी, सर्वांसमक्ष बोलावयास लावा. प्रत्येकाला दुसऱ्याचे पुरते ऐकून घ्यावयास लावा. आणि ज्याचे म्हणणे तुम्हांस मुळीच रुचत नाही, त्याला कोणी खाली बसवू लागले तर तुम्ही उठून म्हणा, की त्याला बोलू द्या. आज त्याचे तोंड दाबणारा हात उद्या तुमच्याच तोंडावर येणार आहे.

कुंभारवाड्यातील त्या मावशींचा अर्ज आम्ही लिहून दिला. नळ अजून आलेला नाही. परंतु येत्या निवडणुकीत त्यांच्या सुनेने अर्ज भरावयाचे ठरविले आहे, आणि तिच्याविरुद्ध वरच्या आळीतूनही कोणी भरणार असे ऐकतो. ऐकून आमच्या जिवाला बरे वाटले. गोष्ट आम्ही वर्गात अजून सांगतो, परंतु फळ्यावरचे तात्पर्य बदलले आहे. पोरे ते पाटीवर उतरून घेतात: लोणी आपले असेल तर दोघांना दार लावू देऊ नये, अंगणात भांडू द्यावे, आणि तराजूवर आपण नजर ठेवावी.